कच्च्या लिंबाची लेव्हल

आमच्या वाड्यात डबा ऐसपैस खेळताना माझ्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या आतेभावाला सगळ्यांनी मिळून कच्चा लिंबू ठरवले होते. तो पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नसे आणि क्रिकेटमध्ये त्याचा त्रिफळा उडाला तरी त्याला आणखी एक चेंडू मिळत असे. ही सवलत आपण मोठ्या मनाने दिली आहे, अशी आमची समजूत होती. तो मात्र एका उन्हाळ्यात ‘मला आउट धरा’ असे म्हणून रडत घरी गेला. व्हिडिओ गेम सुरू करताना पडद्यावर ‘इझी, नॉर्मल, हार्ड’ असे पर्याय आले की मला अजूनही तो आठवतो. सवलत मिळाली म्हणून तो रडला नव्हता. आपण केलेल्या धावा कोणी मोजतच नाही, हे त्याला कळले होते.

गेम बनवणाऱ्यांनी ही कच्च्या लिंबाची थट्टा कधीकाळी उघडपणे केली आहे. १९९२ च्या ‘वोल्फेन्स्टाइन ३डी’मध्ये सर्वांत सोपी पातळी निवडली की नायकाच्या चेहऱ्यावर बाळाचे टोपडे आणि तोंडात चोखणी दिसत असे, आणि त्या पातळीचे नावच मुळी ‘बाबा, मी खेळू का?’ अशा अर्थाचे होते. त्याच चमूच्या पुढच्या वर्षीच्या ‘डूम’मध्ये टोपडे गेले, तरी सर्वांत खालच्या पातळीच्या नावातली टिंगल शिल्लक राहिली. विनोद म्हणून मला ते आवडते. पण त्यामुळे दोन पिढ्यांच्या मनात ‘इझी निवडणे म्हणजे लाज’ हे समीकरण बसले, यात शंका नाही.

माझा मूळ आक्षेप मात्र नावांवर नसून त्या प्रश्नाच्या वेळेवर आहे. परीक्षेच्या संदर्भात आपण काठिण्यपातळी हा शब्द वापरतो, आणि ती पातळी ठरवणाऱ्याला अभ्यासक्रम व विद्यार्थी या दोघांचीही माहिती असते. गेममध्ये मात्र खेळाडूने एकही बटण दाबलेले नसताना, शत्रू कसा आहे, उडी किती लांब जाते, मेल्यावर किती मागे जावे लागते यांपैकी काहीही ठाऊक नसताना त्याला विचारले जाते की तुला किती कठीण हवे. मग जवळजवळ प्रत्येक जण ‘नॉर्मल’वर बोट ठेवतो. हे नॉर्मल कोणासाठी, याचे उत्तर गेम देत नाही. सेटिंग्जमध्ये जाऊन नंतर पातळी बदलता येते हे खरे, पण तोपर्यंत ती कबुली वाटू लागलेली असते.

त्यातून ‘कठीण’ या एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात की त्या एकाच पट्टीवर मोजणे मला पटत नाही. ‘डूम’चेच उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे पातळी वाढवली तरी राक्षसांची सहनशक्ती वाढत नाही. वाढते ती त्यांची संख्या, आणि जिथे साधा शिपाई उभा असायचा तिथे अधिक घातक प्राणी उभा राहतो. म्हणजे अमुक राक्षस किती गोळ्यांत पडतो हे ज्ञान खालच्या पातळीवर मिळवले असेल तर ते वरच्या पातळीवरही खरेच राहते. फक्त आता ते ज्ञान एकाच वेळी चार दिशांना वापरावे लागते. याच्या उलट ‘स्कायरिम’च्या ‘लेजेंडरी’ पातळीवर खेळाडूच्या घावाचा परिणाम पाव होतो आणि त्याला बसणारा घाव तिप्पट होतो. शत्रू तोच, त्याची चाल तीच, अक्कलही तेवढीच. केवळ त्याला मारायला चौपट वेळ लागतो. याला मी काठिण्य म्हणायला तयार नाही. दहा गणितांची प्रश्नपत्रिका कठीण करायची म्हणून तीच गणिते चार-चार वेळा सोडवायला लावावीत, तसा हा प्रकार आहे.

प्रश्न विचारण्याची वेळ चुकते हे ओळखून काही गेमनी प्रश्नच काढून टाकला आणि निर्णय स्वतःकडे घेतला. २००५ च्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये खेळाडू कसा खेळतो आहे याची नोंद पडद्याआड चालू असते. तो वारंवार मरू लागला की शत्रूंचा जोर थोडा कमी होतो, त्याला गोळ्या थोड्या अधिक सापडू लागतात. नेम अचूक लागू लागला की हळूहळू सगळे पुन्हा आवळले जाते. कारागिरी म्हणून ही गोष्ट अप्रतिम आहे, कारण खेळताना तिचा सुगावाही लागत नाही. या गेमच्या सुरुवातीला गावकऱ्यांनी घातलेल्या वेढ्यातून मी सुटलो तेव्हा मला स्वतःचा विलक्षण अभिमान वाटला होता. पुढे कित्येक वर्षांनी ही यंत्रणा वाचनात आली आणि मी एकदम आतेभावाच्या जागी जाऊन बसलो: दादा मुद्दाम हळू चेंडू टाकत होता तर! माझा राग अर्थातच अन्याय्य आहे, कारण त्या संध्याकाळचा थरार खरा होता. तरीही, ज्याला मदत केली त्याला ती केल्याचे सांगावे की नाही, या प्रश्नाचे उत्तर मी ‘सांगावे’ असेच देईन.

‘कपहेड’ने ते सांगितले, पण फार कडवटपणे. २०१७ च्या या गेममध्ये बॉसशी, म्हणजे टप्प्याटप्प्यावर वाट अडवणाऱ्या बलाढ्य शत्रूशी, लढताना ‘सिंपल’ पर्याय घेता येतो. मात्र त्या पर्यायावर जिंकलेल्या बॉसचा करारनामा हाती येत नाही, आणि सगळे करारनामे जमल्याशिवाय शेवटच्या लढाईचे दार उघडत नाही. म्हणजे खेळ, बाळा, पण तुझ्या धावा धरलेल्या नाहीत.

मग पर्यायच न देणाऱ्यांचे काय? फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीच्या ‘डार्क सोल्स’, ‘सेकिरो’, ‘एल्डन रिंग’ या गेमवरून दर काही वर्षांनी हा वाद पेटतो, कारण त्यांत सोपी पातळी निवडण्याची सोय नाही. सगळ्यांनी एकाच डोंगराशी झुंजावे आणि त्या सामायिक दमछाकीतून एकमेकांशी बोलावे, या भूमिकेबद्दल मला आदर आहे. पण या तीन गेमना एकाच माळेत ओवणे मला चुकीचे वाटते. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये किल्ल्याची वाट अडवणाऱ्या मार्गिट या सुरुवातीच्या बॉसकडून वीस वेळा मार खाल्ल्यावर मी किल्ल्याकडे पाठ फिरवली, घोड्यावर बसून दक्षिणेकडे भटकलो, पात्राची ताकद वाढवली आणि परतताना मदतीला आत्मेही घेऊन आलो. हे सगळे म्हणजे सोपी पातळीच आहे. ती मेन्यूत लिहिण्याऐवजी नकाशावर पसरून ठेवली आहे, इतकेच. आणि नकाशावर असल्यामुळे ती घेताना लाज वाटत नाही, उलट आपण हुशारी केली असे वाटते. २०१९ च्या ‘सेकिरो’त मात्र ही पळवाट जवळजवळ नाही. तिथे तलवारीवर तलवार नेमक्या क्षणी पडली पाहिजे, आणि तो क्षण ज्याच्या हाताला पकडता येत नाही त्याने काय करावे याचे उत्तर गेमकडे नाही. मी तो अर्ध्यावर सोडला आणि मला त्याचा खेद नाही. एखादी कठीण चीज आपल्या गळ्याला न पेलणे यात गाण्याचा दोष नसतो.

पण गळा बसलेल्याचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि दोन वर्षांपूर्वी तो माझ्याच वाट्याला आला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेली शीर सुजल्यामुळे जलद बटणे दाबणे मला जमेना. त्या काळात मी ‘सेलेस्ट’ खेळत होतो. पर्वत चढणाऱ्या मॅडेलिन या मुलीचा २०१८ चा हा गेम मुळात अतिशय कठीण आहे. त्यात शेकडो वेळा मरावे लागते, आणि मृत्यूंच्या आकड्याचा अभिमान बाळगा, असा दिलासा तो स्वतःच देतो. त्यातल्या ‘असिस्ट मोड’ला इझी म्हटलेले नाही. तिथे काठिण्याचे घटक सुटे करून ठेवले आहेत: गेमचा वेग १०० टक्क्यांवरून दहा-दहाने ५० पर्यंत उतरवता येतो, हवेतल्या झेपा वाढवता येतात, कड्याला लटकण्याची दमसास अमर्याद करता येते, अगदी अमरत्वही घेता येते. यांतले काहीही घेतले तरी कथा तीच राहते आणि शिखरही तेच.

माझी अडचण फक्त वेगाची होती. वाट शोधणे मला जमत होते आणि तोच आनंद मला हवा होता, म्हणून बाकी सगळे तसेच ठेवून मी वेग ८० वर आणला. ‘इझी’ नावाचे एकच बटण असते तर त्याने माझ्या अंगठ्याबरोबर माझ्या डोक्यालाही सवलत दिली असती, आणि ती मला नको होती. ‘हेडीस’ या गेममधला मार्गही मला असाच सुज्ञ वाटतो. तिथे ‘गॉड मोड’ घेतला की सुरुवातीला बसणारा घाव २० टक्क्यांनी सौम्य होतो आणि पुढे प्रत्येक मृत्यूगणिक आणखी दोन टक्क्यांनी, ८० पर्यंत. तिथेही मदत उघड आहे, मोजलेली आहे आणि ती घेणाऱ्याच्या हातात आहे.

‘सेलेस्ट’च्या शिखराच्या शेवटच्या टप्प्यात ३० पासून उतरत्या क्रमाने आकडे घातलेले झेंडे लागतात. तिसाव्या झेंड्यापासून मी ८० वर खेळत होतो. बाराव्यापाशी अंगठा बरा वाटला म्हणून वेग पुन्हा १०० केला, पाचव्यापाशी कळ आली तेव्हा ९० वर आणला, आणि शेवटचे दोन झेंडे १०० वरच पार केले; त्या दोन झेंड्यांना एक तास दहा मिनिटे लागली. दुसऱ्या दिवशी आतेभावाला फोन करून हे सांगितले. तो आता चाळिशीत आहे. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘पाचव्या झेंड्याला आउट धरायचं की नाही?’