ब्रह्मपुरीजवळचा कराओके बार आणि पूल हॉल : एका पावसाळी रात्रीचा वृत्तांत

नागपूर ते नागभीड ही छोटी रेल्वे 2019 साली बंद झाली, तेव्हापासून मी ब्रह्मपुरीला एसटीनेच जातो. उमरेड, भिवापूर, नागभीड असा हा रस्ता साधारण तीन-साडेतीन तासांचा आहे आणि आषाढात बांध्यांमध्ये धानाची रोवणी, म्हणजे भातलावणी, चालू असताना तो फार सुंदर दिसतो. मात्र या वेळी मी निघालो होतो ते आरमोरी रस्त्यावरच्या एका बारसाठी. तिथे पुढच्या खोलीत कराओके चालतो, म्हणजे तयार संगीताच्या ट्रॅकवर माइकवरून गाता येते, आणि मागच्या खोलीत पूल, म्हणजे टेबलावर स्टिकने चेंडू पॉकेटमध्ये घालण्याचा खेळ. ब्रह्मपुरीत नोकरी करणारा माझा मावसभाऊ वर्षभरापासून त्याविषयी सांगत होता.

बाहेरून पाहणाऱ्याला आत जावेसे वाटणार नाही. अर्धे पत्र्याचे छप्पर, दारापुढे चिखल, जिन्याच्या कोपऱ्यांत खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पिचकाऱ्यांचे जुने डाग आणि आत एकच पिवळा दिवा. खिडक्यांना प्लायवूड ठोकलेले आहे आणि त्यावर जुन्या गोधड्या टांगलेल्या आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदी असली तरी बंदिस्त जागेला त्यातून सूट आहे, म्हणून मालकांनी ही जागा अशी बंद करून घेतली आहे. त्यामुळे आत उकाडा भयंकर होतो, हे खरे. पण गोधड्यांमुळे आवाज घुमत नाही आणि गाणाऱ्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो. उकाडा सोसायचा असल्याने सुती कपडे घालावेत आणि पंख्याखालची जागा मिळण्यासाठी सातच्या आत पोहोचावे.

बार आणि पूल हॉल एकत्र कसे आले, याचे कारण या जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिल 2015 पासून दारूबंदी लागू झाली आणि मालकांचा बार एका दिवसात बंद पडला. शटर उघडे राहावे आणि कामावरची मुले सुटू नयेत म्हणून त्यांनी जुनी दोन पूल टेबले विकत आणून मागच्या खोलीत मांडली. 2021 मध्ये बंदी उठली, पुढची खोली पुन्हा बार झाली, आणि तोवर टेबलांवर येणारी पोरे इतकी हक्काची झाली होती की ती खोली तशीच ठेवावी लागली. कराओके त्यानंतरचा आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासूनची दारूबंदी आजही कायम असल्याने शनिवारी पुलावरून बरीच मंडळी इकडे येतात. त्यांच्यासोबत परत जाणाऱ्यांनी एकही बाटली सोबत घेऊ नये, तो गुन्हा आहे. पिणाऱ्यांनी काउंटरवर एक दिवसाचा परवाना मागून घ्यावा. बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षे वय पूर्ण असावे लागते, आणि इथे ओळखपत्र खरोखर पाहतात.

पूल खेळण्याच्या इच्छेने जाणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. पाटीवर ‘स्नूकर’ असे लिहिले असले तरी स्नूकरचे बारा फुटी टेबल त्या खोलीत मावणारच नाही. दोन्ही टेबले पूलची, आठ फुटी आहेत. पावसाळ्यात कापड दमट राहते, त्यामुळे चेंडू नेहमीपेक्षा लवकर थांबतो आणि हळू मारलेला फटका पॉकेटच्या तोंडाशी येऊन अडतो. पहिल्या दोन फ्रेम मी याच कारणाने हरलो. तिसऱ्या फ्रेमपासून जोर थोडा वाढवला तेव्हा हिशेब जमला. भिंतीला लावलेल्या स्टिकांपैकी निम्म्या वाकलेल्या आहेत, म्हणून निवडण्याआधी स्टिक टेबलावर आडवी ठेवून लोळवून पाहावी. टोकाला खडू लावायला विसरू नये, आणि खर्रा तोंडात ठेवून टेबलावर वाकू नये, कारण कापडावर पडलेला तो डाग निघत नाही आणि मालक त्यासाठी योग्यच दंड घेतात.

मला मात्र पुढच्या खोलीविषयी अधिक सांगायचे आहे. तिथे काउंटरवर एक रेघी वही असते. तिच्यात नाव, गाणे आणि पट्टी, म्हणजे कोणत्या सुरात गाणार ते, लिहायचे, आणि आपला क्रमांक येईपर्यंत थांबायचे. यंत्रणा साधी आहे : एक जुना संगणक, मिक्सर, दोन वायरचे माइक. बिनवायरचा माइक मालक मुद्दाम ठेवत नाहीत, कारण त्यांच्याकडे होता त्यात आवाज किंचित उशिरा पोहोचायचा आणि गाणारा तालाच्या मागे पडायचा. संगणकापाशी बसणारे काकाजी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या जंगलपट्ट्याच्या, नाटकांत ऑर्गन वाजवतात. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा परिसरातल्या नाटकांचा हंगाम असतो. पावसाळ्यात ते स्वतःच्या धानाची रोवणी उरकून शनिवारी इथे बसतात. रात्रभर चालणाऱ्या नाटकांवर वाढलेला हा मुलूख आहे आणि ते इथल्या गाण्यात ऐकू येते. ट्रॅक्टरचा एक चालक, वय फार तर तिशीचे, माइकपासून वीतभर दूर उभा राहून असा गायला की शेवटच्या बाकापर्यंत ग्लास खाली ठेवले गेले.

माझे नाव अकरावे होते. वहीत पट्टीचा रकाना मी रिकामा सोडला होता, आणि तीच माझी चूक होती. मूळ ट्रॅक काळी दोनमध्ये, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुरात, होता. मुखडा नीट निघाला, पण अंतरा तारसप्तकात चढला तिथे माझा आवाज फाटला आणि मी थांबलो. कोणी हसले नाही. काकाजींनी ट्रॅक बंद केला आणि शांतपणे म्हणाले, “गळा तुमचा बरोबर आहे जी भाऊ, पट्टी तुमची नाही. काळी एकवर घेतो, पुन्हा सुरू करा.” दुसऱ्यांदा मी ते गाणे पूर्ण गायले. मी वीस वर्षे घरी गातो आहे, पण माझी पट्टी कोणती हे मला त्या रात्री कळले. जाणाऱ्यांनी घरीच अंतऱ्याची सर्वांत वरची ओळ गाऊन आपली पट्टी ठरवावी आणि वहीत लिहावी.

साडेनऊला लाइन गेली. इन्व्हर्टरवर फक्त दिवे चालतात, त्यामुळे पाऊण तास गाणे थांबले. लाइन आल्यावर वहीतल्या त्याच नावापासून पुन्हा सुरुवात झाली, ओळखीच्या कोणालाही मध्ये घुसवले नाही. त्या रात्री खोलीत एकही स्त्री नव्हती. बाजूला कुटुंबासाठी वेगळी खोली आहे, पण तिथून गाणाऱ्यांचे काही दिसत नाही, ही मला मोठी उणीव वाटते आणि मी ती मालकांना सांगितली.

मुक्काम ब्रह्मपुरीतच करावा. हे वनक्षेत्र वाघांचे आहे आणि रात्री दुचाकीने जंगलातल्या रस्त्याला लागू नये. आम्ही ऑटो आधीच ठरवून ठेवला होता, म्हणून साडेअकराला लॉजवर पोहोचलो. सकाळी बसस्थानकाजवळ तर्री पोहे खाऊन नागपूरची गाडी धरली. निघताना काकाजींनी सांगितले होते की दिवाळीनंतर ते नाटकांसोबत गावोगाव असतील आणि संगणकापाशी दुसरा मुलगा बसेल. त्यामुळे पट्टी बदलून घ्यायची असेल, तर त्याआधीचाच शनिवार धरावा.