पेंड माझी, गळ तुमचा

रविवारी पहाटे चारला आमच्या घरात गजर होतो आणि तो नेमका मलाच ऐकू येत नाही. बायको उठते, मला हलवते, "जा, बकध्यान लावा" म्हणते आणि कूस बदलून पुन्हा झोपते. मी पिशवीत कणकेचा गोळा, डबीत ओल्या मातीसकट गांडुळं आणि बांबूची काठी घेऊन निघतो. संभाजीनगरहून पैठण पन्नास किलोमीटर. पण मी गावात न शिरता अलीकडेच कच्च्या रस्त्यानं नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या, फुगवट्याकडे वळतो. मासे धरता येतात असं मी म्हणणार नाही. मला बसता येतं, एवढं खरं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊसकाळ नुकताच सरला होता, धरण भरलेलं होतं. काठाला एक चांगला रुंद धोंडा सापडला. बसायला सपाट, पुढं पाणी कमरेइतकं, मागं बाभळीची सावली. गळ टाकून अर्धा तास झाला नसेल. ज्वारीच्या ताटाचं भेंड मी दोरीला तरंगायला बांधतो. ते पाण्यावर आडवं पडलेलं असतं. त्या दिवशी ते आधी उभं राहिलं. मग कुणीतरी खालून विचार करत असावं तसं थरथरलं आणि सरळ खाली न जाता तिरकं पाण्यात शिरलं. काठी ओढली तर हाताला असा हिसका बसला, की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. रोहू होता, दोनेक किलोचा. मी त्याचे मोबाइलवर चार कोनांतून फोटो काढले आणि पाचवा काढत होतो तेवढ्यात मागून मामा आले.

मामा म्हणजे तिथले जुने भोई. आमची ओळख बिडी-काडीपुरती. खांद्यावर खताच्या रिकाम्या गोणीत काहीतरी जड होतं. त्यांनी मासा पाहिला, मला पाहिलं, धोंडा पाहिला. मग गोणी खाली ठेवून आतून सरकीच्या भिजवलेल्या पेंडीचा एक गोळा काढला, नारळाएवढा, आणि तो हातातच धरून उभे राहिले.

"तीन रोज झाले सर, सांजसकाळ इथं टाकू राह्यलो. आज धरायचे व्हते."

मला काही सुचेना. मामा हसले.

"पेंड माझी, गळ तुमचा. मासा कोनाचा म्हनायचा?"

मी मासा पुढं केला. त्यांनी तो हातावर तोलला, पोटाखाली बोट फिरवलं आणि माझ्याच पिशवीत घातला. "न्या. मास्तरीनबाईला सांगा, पेंडीवर पोसेल हाये." आणि गोणी उचलून काठाकाठानं लांब निघून गेले. त्या रोह्याचं कालवण घरी सगळ्यांना आवडलं. माझ्या घशाखाली नीट उतरलं नाही, आणि दोष काट्याचा नव्हता.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमाचलला गेलो. कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर ट्राउट धरतात हे ऐकून होतो. हा मासा मूळचा इथला नव्हे. इंग्रज साहेबाला काश्मिरात आपल्या गावाकडचा मासा हवा झाला, म्हणून बोटीतून अंडी मागवली. पहिली खेप वाटेतच मेली, दुसरी 1900 साली जगली. तिथून 1909 मध्ये तो कुल्लूकडे आणला. पाणी वीस अंशांच्या वर तापलं, की त्याचा जीव कासावीस होतो. आमच्याकडे वैशाखात नळाचं पाणीसुद्धा चटका देतं, त्यामुळे त्याची-माझी गाठ पडायला मलाच डोंगर चढावा लागला.

परवाना काढला, एक वाटाड्या घेतला. त्यानं मला छातीपर्यंतची रबरी विजार चढवली आणि नदीत उतरवलं. आमिष म्हणून गांडूळ नाही, कणीक नाही. पिसं आणि रंगीत दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. गळाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट केलेला, म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही. मासा धरायच्या आधी हात ओले करायचे, कारण कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग जखमेवाटे रोग शिरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद, कारण तेव्हा मादी शेपटीनं गोट्यांत खळगा करून अंडी घालते. तो खळगा धुतल्यासारखा उजळ दिसतो. नदीत चालणाऱ्यानं अशा जागेला वळसा घालून जायचं. हे सगळं मी मान डोलावत ऐकलं आणि पहिल्या पाच मिनिटांतच चुकलो.

वरच्या अंगाला एक म्हातारे गृहस्थ कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांच्या पुढं सुरेख डोह होता आणि त्यात कुणीच नव्हतं. मी काठावरून चालत त्यांना ओलांडलं आणि थाटात डोहात उतरलो. वाटाड्या मागून ओरडत आला, "सर जी, ऊपर नहीं, ऊपर नहीं!" मग त्यानं समजावलं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, खाणं वरून वाहत येतं म्हणून. त्यामुळे माणसानं त्याच्या पाठीमागून, खालून वर सरकत जायचं. पायानं उठलेला गाळही मग खालीच जातो. आणि म्हणूनच जो माणूस वर सरकतो आहे, त्याच्या पुढचं पाणी त्याचं. उशिरा आलेल्यानं त्याच्या मागं उतरावं, नाहीतर बरंच लांब जावं. पुढं उतरलात, तर त्याचे मासेही उधळतात आणि त्याचं पाणीही गढूळ होतं.

आता हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायचं म्हणजे काय! वरच्यानं खालच्याचं पाणी बिघडवू नये, यासाठी आम्ही 2005 चा जलसंपत्ती नियमनाचा कायदा, समन्यायी वाटप, कोर्टाच्या तारखा असं सगळं पाहिलं. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं म्हटलं, की दर वेळी तीच भांडणं. आणि इथं एक माणूस फक्त शिष्टाचार म्हणून दुसऱ्याच्या वर उतरत नाही. लहानपणी वाचलेल्या लांडगा-कोकराच्या गोष्टीतला लांडगा आपण असू, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्या गृहस्थांपाशी जाऊन माफी मागितली. त्यांनी बोटानं खालचा डोह दाखवला. तिथं मला दिवसभरात काहीही लागलं नाही.

परतल्यावर मी या ट्राउटवाल्यांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. विलायतेत हॅलफर्ड नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचं म्हणणं असं, की मासा वर येऊन किडा टिपताना दिसला तरच माशी टाकावी, ती पाण्यावर तरंगणारीच असावी आणि त्या किड्याची हुबेहूब नक्कल असावी. बाकी सगळा आडदांडपणा. पुढं स्क्यूज नावाचे वकील म्हणाले, की मासा बरंचसं खाणं पाण्याखालीच खातो, तर बुडणारी माशी टाकली म्हणून काय बिघडलं? यावरून इतकी वर्षं धुसफुस चालली, की 1938 साली लंडनच्या एका क्लबात रीतसर वादसभा भरली. हॅलफर्ड जाऊन तेव्हा चोवीस वर्षं झाली होती आणि स्क्यूज ऐंशीच्या घरात होते. त्याच वर्षी आमच्या औरंगाबादेत वसतिगृहातली पोरं 'वंदे मातरम्' म्हणण्यावरून निजामाच्या राज्याशी भांडत होती. तिकडे माशी तरंगावी की बुडावी! हसू आलं खरं. पण पेंडीचा प्रसंग आठवला आणि हसू ओसरलं. भांडण छोट्या गोष्टीचं असलं म्हणजे खोटं असतं असं नाही.

हे सगळं मी मामांना सांगितलं. त्यांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे खायला काहीच देत नाहीत? नुसतं पीस?"

"नुसतं पीस."

"अन् धरल्यावर?"

"सोडून देतात. निदान बरेच जण."

मामांनी बिडी विझवली. "मंग त्या मुक्या जीवाला तरास कशापायी दिला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजून नाही. ट्राउटवाल्याच्या लेखी गांडूळ लावणारा गावंढळ. मामांच्या लेखी निदान खाऊ घालून फसवलेलं बरं, खोटं पीस दाखवून भुकेल्याला फसवणं हलकटपणा. मी गळवाला, तेव्हा बारीक आसाच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्याला नाक मुरडतो, कारण त्यात बोटाएवढी पिल्लं अडकतात. फेकजाळंवाला म्हणतो, माझं जाळं मोठ्या आसाचं, पोरकट ते तुमचं ताटकळणं. प्रत्येकाची रेघ आपल्या पायाखालून एक वीतभर खाली मारलेली असते. मामांची मात्र एक रेघ सगळ्यांच्या आधीची आहे. पहिल्या पुराला मासे अंडी घालायला पाण्याविरुद्ध चढू लागले, की ते पंधरा दिवस गळ घरी टांगतात. "गाबोळीवालीला हात लावत नसतो."

पेंड टाकून मासे एका जागी लावायचे ही युक्तीही मामांच्या आजोबांची नव्हे. कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य आमच्या या मुलखावर होतं. त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्यात 'मत्स्यविनोद' म्हणून प्रकरणच आहे: दोरी कशी करावी, गळ कसा असावा, कुठल्या माशाला काय खाऊ घालावं. राजानं लिहिलंय म्हणजे त्याच्या पेंडीवर दुसरा कुणी येऊन बसण्याचा प्रश्नच नव्हता.

बार उडवणारे, ब्लीचिंग पावडर टाकणारे, बॅटरीचा करंट सोडणारे यांच्याविषयी लिहायला नको वाटतं. सुरुंग आणि विष यांना 1897 च्या कायद्यानंच बंदी घातली. शिक्षा ठरली ती दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. त्या काळी दोनशे रुपयांत शेत येत असेल. मामा त्यांना मच्छीमार म्हणत नाहीत. "ते मासे नाही धरत. डोह मारतात."

गेल्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं तेव्हा माझा तो धोंडा पूर्ण उघडा पडला. खाली आणखी तसेच चार, नीट चौकोनी रचलेले. "पार व्हता आमच्या गावचा," मामा म्हणाले. "इथं वडील बसायचे." जायकवाडीत शंभराच्या वर गावं गेली, हे मी वर्गात सांगत आलो आहे. बसलो कुठं आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

यंदा पाणी चढल्यावर मी मामांना विचारून सरकीची पेंड आणली. तीन रविवार मासे न धरता नुसती टाकून आलो. चौथ्या रविवारी काठी घेऊन पोचलो तर धोंड्यावर सोळा-सतरा वर्षांचं एक पोरगं बसलेलं. शेजारी बादलीत दोन रोहू फडफडत होते आणि तिसऱ्याचा फोटो चालू होता.

"काका, इथं बसा ना," ते सरकत म्हणालं. "लई लागू राह्यले आज. कोनी तरी पेंड टाकेल दिसती."

"असेल," मी म्हणालो, आणि त्याच्या शेजारी टेकलो.