तुमच्याकडे आहे, मग आम्हाला का नको?

गेल्या रविवारी अशोक चौकातून एक पोरगा माझी समुद्री माशांची टाकी बघायला आला होता. अर्धा तास काचेसमोरून हलला नाही. जाताना दारात चपला घालता घालता त्यानं तेच विचारलं, जे सगळे विचारतात. "ताई, तुमच्याकडं सिक्सलाइन आहे की ओ. मग आम्हालाच का नको म्हणता?" मी नेहमीसारखं "अरे, मारकुटा असतो तो" म्हणून वेळ मारून नेली. त्याला ते पटलं नाही, आणि पटण्यासारखं मी काही सांगितलंही नव्हतं. म्हणून आज सगळं सांगते.

सिक्सलाइन हा मासा मी २०१९ मध्ये आणला. लाइव्ह रॉकवर, म्हणजे टाकीतल्या समुद्री खडकांवर, फ्लॅटवर्म नावाचे चपटे किडे झाले होते, तांदळाच्या कणीएवढे, तपकिरी, आणि त्यावर उपाय म्हणून जो तो याचंच नाव घ्यायचा. रॅस म्हणजे याचं माशांचं कूळ, त्यातल्या स्वस्तांपैकीही हा. जांभळट अंग, त्यावर सहा नारिंगी रेघा, हिरवट शेपूट, बोटाएवढा जीव. त्यानं काम केलं. दोन महिन्यांत काचेवर एक फ्लॅटवर्म दिसेना. हा त्याचा गुण मी कधीच नाकारला नाही.

टाकीत त्याच्याआधी क्लाऊन माशांची जोडी होती आणि एक पिवळा कोरिस. कोरिसही रॅसच. पण त्याच्याशी सिक्सलाइनचं कधी वाजलं नाही. त्यावरून मी ठरवून टाकलं की माझा सिक्सलाइन स्वभावानं गरीब आहे. कोरिस त्याच्या आधीपासून टाकीत होता, हे माझ्या हिशेबातच आलं नाही. नवा आला तो सिक्सलाइन होता, जागा मागायची होती ती त्याला.

मग २०२२ च्या मे महिन्यात मी फेअरी रॅस आणला. सोलोरेन्सिस जातीचा, लाल डोक्याचा. भाऊ मुंबईहून येणार होता, त्यानं थर्माकोलच्या खोक्यात घालून रात्रीच्या सिद्धेश्वरनं आणला, दिवसाच्या उन्हात नको म्हणून. आणायच्या आधी मी पंधरा दिवस विचार केला होता. फेअरी उघड्या पाण्यात राहतो, प्रवाहात वाहून येणारे बारीक जीव टिपतो. सिक्सलाइन खडकांच्या कपारीत आणि कोरलच्या फांद्यांमध्ये शिकार शोधतो. एकाचं घर वर, दुसऱ्याचं खाली. खाणं वेगळं, जागा वेगळी, मग भांडण कशाचं? आजही हा युक्तिवाद वाचला तर मला तो बिनचूक वाटतो. फक्त सिक्सलाइनला तो ठाऊक नव्हता. समुद्रातला खडक संपतच नाही. हाकललेला मासा पुढच्या खडकावर जातो. माझी टाकी चार फूट लांब आहे, साडेचारशे लिटरची. तिच्यात "पुढचा खडक" नाही. आणि त्याच्यासारखाच लांबट अंगाचा, त्याच्यासारखाच पोहणारा नवा मासा त्याला पाहुणा वाटला नाही.

पहिले पाच दिवस फेअरीला भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच टांगून ठेवलं होतं. सिक्सलाइन डब्याभोवती घिरट्या घालायचा, अंग तिरकं करून, पंख ताठ करून. मी त्याला ओळख करून घेणं म्हटलं. घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं. सहाव्या दिवशी रात्री, टाकीचे दिवे मालवल्यावर, फेअरीला सोडलं. त्या रात्री टॉर्च लावून पाहिलं तर तो दोन दगडांच्या मध्ये, स्वतःच्या अंगातून काढलेल्या चिकट पारदर्शक पिशवीत झोपला होता. पिशवीला वाळूचे चार कण चिकटले होते आणि आत गिल हळूहळू हलत होते. फेअरी अशी झोपतात हे वाचलेलं होतं. समोर पाहिलं तेव्हा मी किती वेळ उभी होते मला आठवत नाही.

पुढचे तीन दिवस फेअरी टाकीच्या एका वरच्या कोपऱ्यात पाण्याला टेकून होता. खायला टाकलं की अर्धी टाकी पार करायचा आणि खालून रेघ मारल्यासारखा सिक्सलाइन यायचा. शेपटीला खाच पडलेली मला दिसली होती. रुळेल, असं मी म्हटलं.

त्याच आठवड्यात दुपारची लाइट जात होती. पाणी गार ठेवणारा चिलर आमच्या इन्व्हर्टरवर चालत नाही. बाहेर त्रेचाळीस, टाकीत एकोणतीसच्या वर. अशा वेळी सोलापुरात एकच हुकमी उपाय. झाकण काढायचं आणि पाण्यावर पंखे लावायचे. आपली हवा इतकी कोरडी की पाणी उडतं आणि दोन-तीन अंश सहज उतरतं. मुंबईच्या दमट हवेत एवढं होत नाही. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं पाणी घालत राहावं लागतं, कारण मीठ मागेच राहतं, आणि नळाला तेव्हा पाणी चार-पाच दिवसांनी यायचं, म्हणून पिंप भरून ठेवावं लागायचं. हे सगळं मी चोख केलं होतं. पंखा बसवण्यासाठी टाकीवरची जाळी मागच्या बाजूला चार बोटं सरकवली, तेवढं सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या केर काढत होत्या. "अगं, इथं काय पडलंय बघ." स्टँडच्या मागे, भिंतीलगत. लाल डोकं करडं पडलं होतं. शेपूट फरशीला चिकटली होती. उचलताना तिचा तुकडा फरशीवरच राहिला, खाच पडलेल्या बाजूचा.

मग कोणी मारलं? सिक्सलाइननं, असं मी वर्षभर सांगत होते. पण झाकण नीट असतं तर फेअरी खाली पडला नसता. रॅस उड्या मारतात, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उलट, जाळी घट्ट असती तर कदाचित तो पाण्यातच, उपाशी, आणखी दहा दिवसांनी गेला असता. मग पुन्हा वाटतं, पंखे लावले नसते तर कोरल शिजली असती. हे मी स्वतःशी शंभर वेळा घोळवलंय. दर वेळी दोष वेगळ्या जागी जाऊन बसतो.

आता तुमचा प्रश्न. मग सिक्सलाइन अजून का आहे? कारण तो पकडता येत नाही. बाटलीचा सापळा दोन महिने लावला. क्लाऊन अडकले, कोरिस अडकला, हा तोंडाशी येऊन परत फिरायचा. खडक उपसायचे तर त्यावर पसरलेली माँटिपोरा कोरल तोडावी लागते. हे खरं कारण. दुसरंही खरं आहे. पकडला असता तरी दिला कुणाला असता? तुमच्यापैकीच कुणाला तरी, आणि त्याच्या टाकीत हेच झालं असतं. आणि तिसरं कारण मी कुणाला सांगत नाही. सकाळी मी खाण्याचा डबा उघडला की तो आधी काचेशी येतो. सहा वर्षं झाली. त्या मे महिन्यानंतरही मला तो आवडतो. याचं काय करायचं ते मला कळलेलं नाही.

म्हणून तुम्हाला नको म्हणते. तुमच्या यादीत फेअरी, फ्लॅशर, लेपर्ड यांपैकी कुठला रॅस असेल, तर तो आधी. भित्रे आधी, दांडगे शेवटी, आणि सिक्सलाइन आलाच तर सगळ्यांत शेवटी. त्याच्या जातभाईला, फोरलाइनला, त्याच्यासोबत कधीच नाही. लेपर्ड नव्या टाकीत घालू नका, त्याला दिवसभर टिपायला कोपेपॉड, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, जिवंत लागतात. तो आल्या आल्या वाळूत शिरला आणि चार दिवस दिसला नाही तर उकरून काढू नका. कोरिस आणि लेपर्डला झोपायला दोन-तीन इंच बारीक वाळू हवीच. एकाच जातीचे दोन नर नकोत. दोन लहान माद्या घेतल्या तर त्यांतली थोराड मादी पुढे बहुधा स्वतःच नर होते. आणि जाळी पाव इंची, बारा महिने, वायरच्या खाचेसकट.

त्या अशोक चौकातल्या मुलाला मी निरोप पाठवलाय. संध्याकाळी सातला ये. टाकीचे दिवे मालवायच्या अर्धा तास आधी कोरिस आपोआप वाळूत शिरतो, त्याचं घड्याळ त्याच्यापाशी असतं. मग टाकीत सिक्सलाइनला अडवणारं कुणी उरत नाही. तेवढा अर्धा तास तो क्लाऊनशी कसा वागतो ते बघ, मग तुझी तीन फुटी टाकी डोळ्यांपुढे आण.