शेवटी मायाचं ब्लॅक होल बघून आलो

एलिट डेंजरस या अंतराळात यान चालवायच्या गेममधे कृत्तिकांपैकी माया या ताऱ्याच्या सिस्टिमला एक ब्लॅक होल दिलंय, सूर्यापासून साधारण 380 प्रकाशवर्षं, म्हणजे या गेमच्या मानाने अगदी जवळच, तरी मी आत्ता गेलो. पोचलो तर समोर काहीच नाही! ब्लॅक होलभोवतीची चमकती तबकडी वगैरे गेममधे दाखवतच नाहीत. मग यान हळूहळू बाजूला सरकवलं आणि मागचे तारे वाकायला लागले, एक तारा ताणला जाऊन कमानीसारखा झाला, काठावरून घसरला आणि पलीकडे परत टिंब. गुरुत्वामुळे प्रकाश वळतो हे वाचलेलं होतं हो, पण असं डोळ्यासमोर! अर्धा तास नुसत्या चकरा मारत होतो, स्कॅन करायचंही राहिलं. आता सॅजिटेरियस ए स्टार, म्हणजे आकाशगंगेच्या मध्यावरचं महाकाय ब्लॅक होल, जवळपास 26,000 प्रकाशवर्षं, फ्युएल स्कूप (ताऱ्यांजवळून इंधन भरून घेणारं यंत्र) बसवूनच निघणार.