मार्खा व्हॅली ते हेमिस, सणाची तारीख गाठत: ट्रेक लॉग

तयारीचं पुराण, म्हणजे सिंहगडाच्या फेऱ्या, पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक, गुडघ्याचं रडगाणं, हे सगळं आधी होऊन गेलंय त्यामुळे ते परत उगाळत नाही. हा लॉग थेट ट्रेकचा. जुलै २०२५, लडाख, मार्खा व्हॅली, आणि शेवट हेमिस गोम्पाच्या (बौद्ध मठाच्या) अंगणात छाम, म्हणजे लामांचा मुखवटे घालून केलेला नाच, बघत.

पहिले प्लॅनिंगबद्दल, कारण या ट्रेकमधली खरी मेहनत तिथेच आहे. हेमिस त्सेचू हा गुरू पद्मसंभवांच्या जन्माचा उत्सव, तिबेटी पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या दशमी-एकादशीला येतो. दोन्ही पंचांगं चंद्रावर चालणारी, म्हणून बऱ्याचदा तो आपल्या आषाढीला चिकटूनच असतो. या वेळी ५ आणि ६ जुलै आणि आषाढी एकादशी पण ६ जुलैलाच, २०२३ ला पण दोन्हीकडची एकादशी २९ जूनलाच होती. पण याच्या भरवशावर तिकीट काढू नका, कारण अधिक महिना आपल्याकडे वेगळ्या वर्षी आणि त्यांच्याकडे वेगळ्या वर्षी पडतो, २०२४ ला हेमिस जूनच्या मध्यात उरकलं आणि आषाढी थेट १७ जुलैला. तारीख आधी बघा मगच विमान.

आणि मग त्या तारखेपासून मागे मोजत यायचं. तिथी कोणासाठी हलत नाही, आणि तुमच्या शरीराला विरळ हवेची सवय व्हायला जो वेळ लागतो तो पण हलत नाही, मग राहिलं काय तर ऑफिसची सुट्टी, ती ताणा. बरेच ग्रुप उलटं करतात, सुट्टी आहे तेवढीच म्हणून लेहमधला एक दिवस कापतात, मार्खात दोन मुक्काम एकात घालतात, आणि निमालिंगला, म्हणजे खिंडीआधीच्या सगळ्यात उंच मुक्कामाला, डोकं धरून बसलेले दिसतात. आम्ही तिथे असताना असा एक अख्खा ग्रुप खाली परतताना बघितला, बिचारे सगळे तरणेबांड, आमच्यापेक्षा दुप्पट फिट. फिटनेसचा आणि उंचीचा फारसा संबंध नसतो हो. कळसूबाई १६४६ मीटर, लेहचा एअरपोर्टच साधारण ३,२५० मीटरवर, म्हणजे आपलं सगळ्यात उंच शिखर एकावर एक दोनदा ठेवलं की जवळपास तिथली धावपट्टी येते. सह्याद्रीने पाय तयार होतात, तोल तयार होतो, पण रक्त तयार होत नाही.

आमचा हिशोब असा होता की लेहमध्ये आधी नुसतं पडून राहायचं, मग शांती स्तूप, शे राजवाडा, असं हळूहळू, आणि ट्रेकमध्ये ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची रोज ५०० मीटरच्या आसपासच वाढवायची. हा नियम मार्खात खालच्या भागात आपोआप पाळला जातो कारण व्हॅली चढतेच सावकाश. स्क्यू ३,४०० च्या आसपास, मार्खा गाव पावणेचार हजार, हांकर चारला टेकलेलं. गडबड पुढे आहे. हांकरवरून सरळ निमालिंग गाठलं तर एका दिवसात साधारण ८०० मीटर वर जाऊन झोपता. मध्ये थाचुंगत्से आहे, ४,२०० च्या आसपास, तिथे मुक्काम करा. काही नाहीये तिथे, एक पॅराशूटच्या कापडाचा चहाचा तंबू आणि भरपूर वारा, पण करा. डायमॉक्सचं (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारून ठरवा, माझ्या लॉगवरून नको.

आता ट्रेक. चिलिंगपर्यंत गाडी, झांस्कर नदीच्या कडेकडेने. चिलिंग हे तांबटांचं गाव, शे राजवाड्यातली ती मोठी बुद्धमूर्ती घडवायला सतराव्या शतकात नेपाळहून कारागीर आणले त्यांचे वंशज इथे वसले असं सांगतात, अजून काही घरांत तांब्या-पितळेची भांडी ठोकतात. झांस्कर ओलांडायला पूर्वी तारेवरची ट्रॉली होती, आता पूल आहे, आणि पुलापलीकडे गाडीरस्ता स्क्यूच्याही पुढे घुसलाय. गावकऱ्यांना रस्ता हवाच होता आणि तो मिळालाच पाहिजे, आजारी माणूस खांद्यावर काढायचे दिवस कोणाला हवेत, पण ट्रेकर म्हणून धुळीच्या रस्त्यावर चालायला मजा नाही, त्यामुळे आम्ही स्क्यूपर्यंत गाडीच घेतली.

वाळवंट म्हणजे काय ते पहिल्या तासातच कळतं. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे ताम्हिणीत जुलैच्या एका दिवसात याहून जास्त पडून जातो. डोंगर नुसते उघडे, जांभळे, गेरूसारखे, मध्येच हिरवट, आणि गवताची काडी नाही. मग एक वळण येतं आणि समोर गाव, जवाचं हिरवंगार शेत, पिवळी मोहरी, पोपलर, विलो. हे सगळं पाटाच्या पाण्यावर. बर्फाचं वितळलेलं पाणी डोंगराच्या कडेने यूरा, म्हणजे पाट, काढून आणतात आणि हिरवळीची हद्द बरोबर त्या यूराच्या रेषेवर संपते, वरच्या बाजूला दगड, खालच्या बाजूला वाटाणा. मी एका ठिकाणी एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून फोटो काढलाय.

मुक्काम होमस्टेमध्ये. हा होमस्टेचा प्रकार या भागात २००० च्या दशकाच्या सुरुवातीला हिमबिबट्याच्या संरक्षणातून उभा राहिला. बिबट्या गोठ्यात शिरून शेळ्यामेंढ्या मारायचा, लोक त्याला मारायचे, मग गावाला बिबट्यामुळेच चार पैसे मिळाले तर तो जगेल असा विचार. सगळी व्हॅली हेमिस नॅशनल पार्कात येते. बिबट्या दिसेल अशी आशा जुलैमध्ये धरू नका, तो हिवाळ्यात खाली उतरतो. आम्हाला भरल (जंगली मेंढ्या) दिसले पुष्कळ, आणि थाचुंगत्सेच्या पुढे मार्मोट, बिळात राहणाऱ्या मोठ्या खारी, एवढे गलेलठ्ठ की पळताना पोट घासतंय असं वाटतं.

मार्खा गावात ज्या घरी राहिलो तिथल्या आमा-लेंचं (लडाखीत आई) स्वयंपाकघर म्हणजे अख्खी भिंतभर फळ्यांवर लखलखीत पितळी आणि तांब्याची भांडी, मध्ये शेणी-लाकडाची चूल आणि आपण कडेने गाद्यांवर. संध्याकाळी त्या स्क्यू करत होत्या, गाव नव्हे, याच नावाचा पदार्थ. कणकेची वळी करायची, बोराएवढा गोळा तोडायचा आणि अंगठ्याने तळहातावर असा दाबायचा की मध्ये खळगा पडतो, मग तो बटाटा-गाजर-मुळ्याच्या रश्श्यात शिजायला सोडायचा. खळग्यात रस्सा साठतो. मी पण हात लावला, माझे खळगे फुटत होते, त्यांनी न बोलता ते गोळे उचलून परत मळले. चवीला म्हणाल तर आपली वरणफळं, फोडणी काढून टाकलेली आणि थंडीत दसपट गोड लागणारी. मिठाचा लोण्याचा चहा आमच्यातल्या दोघांना अजिबात झेपला नाही, मला तिसऱ्या कपाला आवडायला लागला. टीप: कप रिकामा केला की भरला जातो, नको असेल तर भरलेला तसाच ठेवा आणि उठताना संपवा.

आमचा गाईड, त्याला सगळे आचो (दादा) म्हणायचे म्हणून आम्ही पण, चालताना एकच गोष्ट सारखी सांगायचा, मणी भिंत (मंत्र कोरलेल्या दगडांची) आणि चोर्तेन (स्तूप) उजव्या हाताला ठेवून जायचं. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पायवाट असते, चुकीच्या बाजूने गेलात तर काही कोणी ओरडत नाही पण गावातली म्हातारी माणसं बघतात.

नदी. मार्खा नदीवर आता ठिकठिकाणी पूल आहेत तरी मार्खा ते हांकरच्या मध्ये पाण्यात उतरावं लागलंच. इथे वेळेचं गणित आहे, रात्री वर बर्फ गोठतं म्हणून सकाळी पाणी कमी, दुपारी ऊन खाऊन तेच पाणी दीडपट आणि गढूळ. आम्ही सकाळी साडेसातला उतरलो तर गुडघ्याच्या खाली होतं. तेवढ्यातही पहिल्या दहा सेकंदांत पाय दुखतात, मग बधिर होतात, आणि बधिर पायांना खालचा दगड हलतोय का ते कळत नाही, खरा धोका तो. पट्ट्याची सँडल घाला, अनवाणी नको, सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते, आणि तोंड प्रवाहाकडे. त्या दुपारी समोरून आलेला एक ग्रुप सांगत होता त्यांना तिथेच मांडीपर्यंत लागलं.

मार्खाच्या पुढे तेचा गोम्पा कड्याच्या टोकावर टांगल्यासारखा आहे, वर जायला घाम निघतो पण जा.

निमालिंग ४,८०० च्या आसपास. मार्खातल्या गावांचं उन्हाळी कुरण, संध्याकाळी शेकडो मेंढ्या, याक आणि झो (याक-गायीचा संकर) खाली येतात, मागे कांग यात्से शिखर, ६,४०० मीटर. जुलै असून रात्री तंबूवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. झोप कोणालाच धड लागत नाही, श्वास मध्येच अडकून जाग येते, ते त्या उंचीला नेहमीचं आहे, घाबरू नका, पण डोकेदुखी वाढत असेल, उलट्या असतील, चालताना तोल जात असेल तर पुढे जायचं नाही, खाली उतरायचं, सण पुढच्या वर्षी पण आहे.

कोंगमारू ला ही खिंड (ला म्हणजे खिंड) ५,२०० च्या वर. पहाटे निघालो, हवेत ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला, त्यामुळे वीस पावलं चाला, काठीवर रेला, परत वीस पावलं. चढ खरं तर फार नाही, राजगडच्या चोरदरवाजाच्या वाटेने दमलेला माणूस याला हसेल. वर लुंगताच्या, म्हणजे प्रार्थनेच्या पताकांच्या, माळा फडफडतायत, मागे कांग यात्से, पुढे सिंधूपलीकडची लडाख रेंज. दहा मिनिटं थांबलो, वारा टिकू देत नाही.

उतार मात्र वाईट. खिंडीतून खाली अरुंद घळ लागते, ओढा आणि वाट एकच, दर पुरात वाट नवी होते, सतत इकडून तिकडे उड्या. गुडघेवाल्यांनी काठ्या दोन घ्याव्यात. शांग सुमदोला पोचेपर्यंत सगळ्यांची तोंडं बंद.

आणि मग हेमिस. शांग सुमदोहून मार्त्सेलांगपर्यंत गाडीरस्ता आहे तिथे गाडी घेतली आणि शेवटचा तुकडा पायी, म्हणजे सणाला चालत आलो असं सांगता येतं. गोम्पा एका घळीत असा दडलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, लडाखवर स्वाऱ्या झाल्या त्यातून तो वाचला याचं कारण हेच सांगतात. तिबेटी बौद्धांच्या द्रुक्पा पंथाचा, लडाखचा राजा सेंगे नामग्यालच्या काळात सतराव्या शतकात उभा राहिलेला.

अंगणात शिरलो तर गर्दी तुफान. टुरिस्ट आहेतच, मोठ्या लेन्सावाले पुढच्या रांगेत भांडतायत, पण त्याच्या मागे गावोगावहून आलेली कुटुंबं, डोक्यावर फिरोज्यांनी मढवलेले पेराक घातलेल्या बायका, थर्मास, खंबीर रोटी, पोरं. आम्ही मुद्दाम त्यांच्यात बसलो. फोटो वाईट आले, पण शेजारच्या आज्जींनी अर्ध्या हिंदीत कोण कुठला मुखवटा ते सांगितलं, हे पुढे बसून मिळालं नसतं.

छाम बघायला धीर लागतो. स्टेज शो समजून गेलात तर अर्ध्या तासात कंटाळाल, कारण लय संथ आहे, जोडीने वाजवायचे ते लांबलचक कर्णे, दुंगचेन, झांजा, ढोल, आणि नाचणारे लामा एक पाय उचलून तसाच धरतात, अर्धं वळतात, मग टेकवतात. पायांकडे बघत राहा. जड ब्रोकेडचे झगे, डोक्यावर मुखवटा, ३,६०० मीटर उंची, वर ऊन, आणि एकाचाही पाय लटपटत नाही. काळ्या टोपीवाले आधी येऊन जागा शुद्ध करतात, मग गुरू पद्मसंभवांची आठ रूपं येतात, मुख्य रूपाचा सोनेरी मुखवटा आणि त्यावर छत्री धरलेली. तो बाहेर आला तसा शेजारच्या आज्जींसकट सगळं अंगण हात जोडून उठलं. दुसऱ्या दिवशी कणकेची बाहुली मधोमध ठेवून तिचे तुकडे करतात, ती म्हणजे दुष्टपणा, अहंकार. मध्ये मध्ये सांगाड्याचे मुखवटे घातलेले येऊन लोकांच्या खोड्या काढतात, आमच्यातल्या एकाची टोपी गेली, दहा रुपये देऊन परत मिळाली.

तो दुसरा दिवस म्हणजे आपली एकादशी. आमच्यातल्या एकीचा आषाढीचा उपवास कधी चुकलेला नाही, तिने राजगिऱ्याचे लाडू पुण्याहून कोंगमारू ला ओलांडून आणले होते, पार भुगा झालेला. आज्जींनी खंबीर पुढे केली तर हिने नको म्हटलं, कारण सांगितलं, आज्जींना उपवास लगेच कळला, बटाटा चालतो हे मात्र समजावायला बराच वेळ गेला. शेवटी भुग्याची पुडी सगळ्या रांगेत फिरली.

सुटे मुद्दे: बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या, आणि व्हॅलीत तेही बहुतेक ठिकाणी मुकंच. लेह सोडलं की एटीएम विसरा, सुट्टे पैसे भरपूर. ओठांचा बाम आणि नाकात लावायला व्हॅसलिन, कोरड्या हवेने नाकातून रक्त येतं. उकळलेलं पाणी प्रत्येक होमस्टेत मिळतं, प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका.

पुढचं टार्गेट रुम्त्से ते त्सो मोरिरी तलाव हा ट्रेक, तिथल्या कोरझोक गोम्पाच्या सणाची, गुस्तोरची, तारीख धरून. ती पण उन्हाळ्यातच येते, पण तिथे झोपायची उंची सगळीच ४,२०० च्या वर, म्हणजे लेहमध्ये अजून जास्त थांबायचं. आणि हेमिस परत २०२८ ला, ते वानर वर्ष, बारा वर्षांनी एकदा मोठा थांगका (कापडावरचं धार्मिक चित्र) उलगडतात, मागचा २०१६ ला होता. त्या वर्षी गर्दी याच्या कितीतरी पट असणार, लेहचं राहणं आत्तापासून बघतेय. कोणाला यायचं असेल तर आधी सुट्टीचं बोलून या.