मावशींच्या हाताला लागलेला वरंबा

बाळाच्या डोक्यात काहीतरी वेगळं आहे हे सगळ्यांत आधी मालिशवाल्या मावशींना कळलं. मी बाळंतपणाला माहेरी, शिवाजी पेठेत होते. बाळ तीन आठवड्यांचं असेल. टाळूवर तेल घालताना मावशींचा हात थांबला. "ताई, हितं बोट फिरवून बघ. सरीचा वरंबा असतोय तसं लागतंय मधोमध."

खरंच, टाळूपासून मागे जाणारा टणक कंगोरा लागत होता. आई म्हणाली, "पहिलटकरणीचं बाळ आहे, अडकून आलंय. होईल गोल." मोहरीची उशी शिवून झाली. डोकं दाबून आकार द्यायला मात्र मावशींनी साफ नकार दिला. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

दीड महिन्याच्या लसीला गेलो तेव्हा मी विचारलं. डॉक्टरांनी टेप लावली. परीघ तक्त्यात बसत होता, टाळूही उघडी होती. "काळजी करू नका," म्हणाले. दोन्ही गोष्टी खऱ्याच होत्या, पण त्यांवरून काही सिद्ध होत नव्हतं. डोकं अरुंद आणि लांब असेल तर परीघ बरोबर येऊ शकतो. टाळू उघडी असूनही तिच्यामागची शिवण, म्हणजे कवटीच्या दोन हाडांमधला सांधा, जुळलेली असू शकते. हे मला दोन महिन्यांनी समजलं. ते दोन महिने आजही सलतात.

समोरून पाहिलं तर बाळ गोंडसच दिसायचं. एकदा पायांवर घेऊन न्हाऊ घालताना वरून नीट पाहिलं आणि धस्स झालं. कपाळ पुढे आलेलं, मागची बाजू निघालेली, दोन्ही कानशिलांकडे चेपलेलं, अगदी नावेसारखं. मिस्टरांनी वरून फोटो काढला. राजारामपुरीतल्या दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांना तो दाखवला, आणि त्यांनी त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे चिठ्ठी दिली.

न्यूरोसर्जननी कॅलिपरने मोजलं: लांबी १५.६ सेंमी, रुंदी १०.३. म्हणजे रुंदी लांबीच्या ६६ टक्के. साधारण ७५ ते ८५ असावी लागते. मग थ्रीडी सीटी स्कॅन. पडद्यावर बाळाची कवटी फिरत होती. बाकीच्या शिवणी भेगांसारख्या स्पष्ट होत्या, पण माथ्यावरची पुढून मागे जाणारी शिवण नव्हतीच. तिथं सलग हाड होतं.

डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. कवटीची हाडं शिवणींपाशी वाढतात. एखादी शिवण वेळेआधी जुळली की तिच्या आडव्या दिशेची वाढ अडते आणि मेंदू मोकळ्या बाजूंना जागा करून घेतो. फिरखो या जर्मन डॉक्टरांनी हे १८५१ मध्येच मांडलं होतं. शिवण अशी वेळेआधी जुळण्याला क्रेनिओसिनोस्टोसिस म्हणतात. साधारण दोन ते अडीच हजार बाळांमागे एकाला हा आजार होतो. त्यात हीच शिवण सर्वांत जास्त वेळा जुळलेली आढळते, आणि मुलग्यांत अधिक. "माझं काही चुकलं का?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले. हे उत्तर मी मिस्टरांकडून तीनदा वदवून घेतलं.

बाहेर बाकावर कागलच्या एक ताई होत्या. त्यांच्या मुलीचं डोकं मागून एका बाजूला चपटं होतं आणि त्याच बाजूचा कान पुढे सरकलेला. तिच्या शिवणी उघड्या होत्या, मान एकीकडे आखडल्यामुळे ती सतत त्याच कुशीवर डोकं टेकवायची. तिला ऑपरेशन नको होतं. मानेचे व्यायाम, जागेपणी पोटावर खेळवणं आणि झोपताना पाठीवरच. दोन्ही बाळांना घरचे "डोकं वाकडं" एवढंच म्हणत होते, आणि उपचार मात्र इतके निराळे.

आमच्यापुढे दोन वाटा होत्या. आत्ताच दुर्बिणीतून ऑपरेशन आणि मग डोक्याला आकार देणारं हेल्मेट, किंवा थोडं थांबून मोठं, उघडं ऑपरेशन. लहानपणी हाड पातळ असतं, रक्तही कमी जातं. म्हणून चौथा महिना संपायच्या आत पुण्याला गेलो. तरी रक्ताची सोय करून ठेवायला सांगितलं होतं, माझे दोन्ही भाऊ सोबत आले. सासूबाईंना खंत वेगळीच होती: जोतिबाला काढायचं जावळ दवाखान्यात निघणार. नर्सताईंनी काढलेले केस कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिले, तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

ऑपरेशनपेक्षा हेल्मेटनं जास्त परीक्षा पाहिली. दिवसाचे तेवीस तास, तेही आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये. घामानं डोकं भिजायचं. रोज काढून पुसायचं, त्वचा बघायची, लाल डाग तासाभरात गेला नाही तर फोन करायचा. डोकं वाढलं तसं हेल्मेट बदललं. रंकाळ्यावर लोक थांबून विचारायचे, "पडला का हो?" सुरुवातीला मी टाळायचे. नंतर सगळं सांगायला लागले, कोणाच्या तरी घरी बाळ असेलच म्हणून.

वर्षाचा झाल्यावर हेल्मेट सुटलं. रुंदी ७७ टक्क्यांवर आली आहे. पुढची काही वर्षं तपासणी राहील, डोळ्यांचीही, कारण कवटीत दाब वाढला तर तो डोळ्यांच्या पडद्यामागे दिसतो.

उरलेलं जावळ गेल्या महिन्यात जोतिबाला काढलं. केस गेल्यावर माथ्यावरचे दोन आडवे व्रण उघडे पडले. मावशींना आग्रहानं नेलं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, मग त्यांनी टाळूपासून मागेपर्यंत हळूच बोट फिरवलं.