मुके शेजारी आणि शब्दवाले आपण

रशियनमध्ये जर्मन माणसाला 'नेमेत्स' म्हणतात. पोलिश, झेक, सर्बियन सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच नाव, आणि त्याचं मूळ आहे 'मुका' या अर्थाचा जुना स्लाव शब्द (रशियन, पोलिश, झेक, सर्बियन या सगळ्या स्लाव कुळातल्या भाषा, आणि त्या बोलणारे ते स्लाव लोक). जर्मन काही मुके नव्हते, पण त्यांचं बोलणं यांना कळेना आणि यांचं त्यांना, मग झाला तो मुका. उलट स्वतःला हे स्लाव लोक म्हणायचे 'स्लोवेने', आणि 'स्लोवो' म्हणजे शब्द, म्हणजे शब्दवाले, ज्यांचं बोलणं एकमेकांना कळतं ते. काही अभ्यासक हे नाव एखाद्या नदीच्या नावावरून आलं असं मानतात, पण मला शब्दाचीच व्युत्पत्ती पटते कारण मुका आणि शब्दवाला ही जोडी फार चपखल बसते. आपल्याकडे संस्कृतातलं 'म्लेच्छ' पण असंच ना, ज्याचं बोलणं अस्पष्ट तो. ग्रीकांचं 'बार्बारोस' तेच.

आणि हे नाव फक्त जर्मनांपुरतं नव्हतं बरं का. मॉस्कोत १६५२ मध्ये परदेशी लोकांना शहराबाहेर जी वेगळी वस्ती दिली तिचं नाव 'नेमेत्स्काया स्लोबोदा', तिथे डच, इंग्रज, स्कॉटिश सगळे राहायचे आणि रशियन माणसाला ते सगळेच नेमेत्स. तरुण पीटर, पुढे ज्याला पीटर द ग्रेट म्हणतात तो, त्या वस्तीत सारखा जायचा, त्याचा जवळचा मित्र लफॉर तर जिनिव्हाचा होता. पुढे हा शब्द हंगेरियनमध्ये गेला (हंगेरियन स्लाव भाषा नाहीच, तरी जर्मनला 'नेमेत'), रोमानियनमध्ये गेला, तुर्कीत गेला, आणि अरबीत आजही ऑस्ट्रियाचं नाव 'अन-नम्सा' आहे. कैरोतला माणूस व्हिएन्नाचं तिकीट काढताना स्लाव शेतकऱ्यांचा दीड हजार वर्षं जुना शब्द वापरतो, मला हे भयंकर आवडतं.

जर्मन लोकांनी पण तेच केलं. केल्ट आणि रोमन शेजाऱ्यांना त्यांनी 'वाल्हाझ' म्हटलं, त्यातून इंग्रजीतलं वेल्स आलं, बेल्जियमचं वालोनिया आलं. गंमत अशी की स्लाव लोकांनी हा शब्द जर्मनांकडूनच उचलला आणि लॅटिनकुळातली भाषा बोलणाऱ्यांना 'व्लाख' केलं, म्हणून रोमानियात वालाकिया, आणि पोलिशमध्ये इटलीचं नाव इटली नाहीच, ते आहे 'व्वोखी'. स्लाव लोकांना जर्मन म्हणायचे 'वेंड', हे नाव जर्मनीतल्याच बाउत्सेन आणि कोटबुसकडच्या सोर्ब या स्लाव लोकांना कालपरवापर्यंत लावलं जायचं, आणि फिनिशमध्ये रशियाचं जे 'वेनॅया' नाव आहे ते पण त्यातूनच आलेलं.

आता जो भाग लिहिताना मला राग येतो तो. इंटरनेटवर कुणीतरी दर महिन्याला लिहितंच की स्लाव म्हणजे मुळात गुलाम, नावच तसं आहे. साफ उलटं आहे हे! सहाव्या शतकात प्रोकोपियस आणि योर्डानेस हे इतिहासकार या लोकांचं नाव लिहून ठेवतात तेव्हा ते फक्त एका समाजाचं नाव आहे. पुढे नवव्या-दहाव्या शतकात त्या भागातून इतकी माणसं धरून विकली गेली, पार स्पेनमधल्या कोर्दोबापर्यंत, की लॅटिन 'स्क्लावुस' चा अर्थच गुलाम झाला, आणि त्यातूनच इंग्रजी 'स्लेव्ह', फ्रेंच 'एस्क्लाव', जर्मन 'स्क्लावे'. इटालियन लोक भेटताना-निघताना हसत 'चाओ' म्हणतात ना, तोही व्हेनिसच्या बोलीतला 'मी तुमचा दास'. म्हणजे नाव आधी, अत्याचार नंतर, हा क्रम उलटा सांगणं म्हणजे विकल्या गेलेल्या माणसांवर दुसऱ्यांदा अन्याय.

आणि युरोपीय भाषा म्हणजे एकच गठ्ठा असं समजणाऱ्यांनी रशियन जरा ऐकावी. शंभरला लॅटिन 'केंतुम', जर्मन 'हुंडर्ट', पण रशियन 'स्तो', आपल्या 'शत' च्या बाजूचं. विधवेला 'व्दोवा'. नवऱ्याच्या भावाला 'देवेर', म्हणजे आपला दीर, जुना देवर! जर्मनमध्ये मात्र दीर काय, मेव्हणा काय, सगळे 'श्वागर'.

पण म्हणून स्लाव आणि जर्मन यांच्यात भिंत होती असं नाही हं. राजाला रशियन 'कोरोल', पोलिश 'क्रुल', झेक 'क्राल', हे सगळं फ्रँक लोकांचा सम्राट शार्लमेन म्हणजे कार्लच्या नावावरून. भाकरीचा 'ख्लेब' बहुतेकांच्या मते गॉथ या जर्मनांच्याच कुळातल्या जुन्या लोकांकडून आलेला. आणि रशियनमध्ये परक्याला जो 'चुझोय' शब्द आहे तो पण जर्मानिक, म्हणजे जर्मनच्या कुळातल्या, मुळातून आला असं मानतात, त्या मुळाचा अर्थ होता 'लोक', आपली माणसं, आणि जर्मन लोक स्वतःला जे 'डॉइच' म्हणवतात ते त्याच मुळातलं.